न वाळलेला घाम

दिगंबर खटावकरांचा घामावर फार विश्वास होता. साताऱ्यातल्या एका पेठेत, पत्र्याच्या छपराखाली त्यांची मल्लखांबाची व्यायामशाळा होती आणि तिथे तीस वर्षं एकच नियम चालत आला होता. बनियन पिळून पाणी निघालं नाही तर सराव झाला नाही. कुणी पोरगं कोरडं दिसलं की सर विचारायचे, "काय रे, लग्नाला आलायस का?" पोरं हसायची आणि पुन्हा खांबाला भिडायची. नियम कुणालाच जाचक वाटत नव्हता, कारण तो सगळ्यांना पाळता येत होता.

सात वर्षांपूर्वी राही निकम तिथे आली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. सरांना ती पहिल्याच दिवशी कामचुकार वाटली. पाच मिनिटं चढायची आणि दहा मिनिटं पायरीवर जाऊन बसायची. चेहरा लालबुंद, पण अंगावर घामाचा टिपूस नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी तिला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला ती खाली बसली आणि ओकली. तिची आई वृंदा एसटीच्या आगारात नोकरीला होती. ती निरोप मिळताच धावत आली, पोरीला ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि मग सरांना शांतपणे सगळं सांगितलं. राहीच्या अंगात घामाच्या ग्रंथी जन्मापासूनच नव्हत्या. विरळ केस आणि थोडेसे टोकदार दात ही त्याच दोषाची वरून दिसणारी खूण होती. हे आधीच सांगितलं असतं तर सर तिला घेणार नाहीत, म्हणून वृंदाने सांगितलं नव्हतं.

सरांनी कानाला खडा लावला. घामाचा नियम राहीपुरता रद्द झाला आणि त्यांनी तिच्यासाठी दुसरा केला: मायलेकी म्हणतील तेवढंच, त्यापुढे एक मिनिट नाही.

हे सगळं किती नाजूक आहे ते त्यांना हळूहळू कळत गेलं. अंग हलवलं की स्नायू उष्णता तयार करतात. जितकी ताकद कामाला लागते त्याच्या तिप्पट-चौपट तरी नुसती उष्णता म्हणून बाहेर पडते. ती अंगातून काढायचा माणसाचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो कातडीवर वाळावा लागतो. पाण्याची वाफ होताना ती सोबत उष्णता घेऊन जाते. लिटरभर घाम पुरता वाळला तर त्याने नेलेल्या उष्णतेत सहा-सात लिटर साधं पाणी उकळून निघेल. हा मार्गच बंद असलेल्या पोरीने जोराचा व्यायाम केला तर सहा-सात मिनिटांत तिचा ताप एका अंशाने चढतो. एकेचाळीसच्या पुढे मेंदू शिजायला लागतो, असं वृंदाला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तो शब्द ती विसरली नव्हती.

राहीने स्वतःपुरती एक युक्ती शोधली होती. कानाच्या पाळ्या गरम लागल्या की थांबायचं. सराव करता करता ती मध्येच कान चाचपायची आणि काही न बोलता मागच्या पाण्याच्या हौदाकडे चालू लागायची. पोरं चिडवायची, पण सरांनी तिला कधी अडवलं नाही. सात वर्षांत राही दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत मल्लखांब शिकली आणि पेठेत कुणाला येत नव्हता इतका सुंदर शिकली. मात्र स्पर्धा हे तिच्यासाठी दुसऱ्यांचं काम होतं. स्पर्धेच्या तयारीला तासन्‌तास लागतात आणि तिच्याकडे मिनिटं होती.

मग गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून डॉ. शबनम मुजावर आल्या. त्यांच्या प्रयोगशाळेने घाम न येणाऱ्या मुलांसाठी एक सदरा बनवला होता. कागदोपत्री त्याचं नाव 'स्वेदिका', राहीने पहिल्याच दिवशी त्याची 'घामडी' केली. कातडीला चिकटून बसणारी, केसाहून बारीक नळ्यांची ती जाळी होती. कमरेमागे तळहाताएवढी चपटी पिशवी पाण्याने भरायची. नाडी आणि कातडीचं तापमान बघून सदरा ठरवायचा, की आत्ता किती घाम यायला हवा होता, आणि तेवढं पाणी लाखभर छिद्रांतून अंगावर सोडायचा. मनगटावरच्या पट्टीवर आतल्या तापाचा अंदाज दिसायचा: हिरवा, पिवळा, लाल. राज्यातल्या त्रेचाळीस मुलांवर त्याची चाचणी चालू होती. राही चव्वेचाळिसावी.

तो सदरा घालून राही पहिल्यांदा सलग अर्धा तास खेळली, त्या दिवशी वृंदा व्यायामशाळेच्या दारात उभी राहून रडली. सरांनाही भरून आलं. मुलींचा जमिनीत पुरलेल्या मल्लखांबाचा राज्य चषक एप्रिलअखेर होता. सरांनी कुणाला न विचारता राहीचं नाव लिहून टाकलं.

डॉ. मुजावरांनी सूचना दिल्या होत्या. पिशवी वीस मिनिटांनी भरायची, सदरा रोज धुवायचा, अंगाला काही लावायचं नाही. पावडर, मलम, तेल काहीही नाही. वृंदा ते घोकत असायची. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना तिने सरांना सहज विचारावं तसं विचारलं, "सर, आपल्या तेलाचं चालतंय ना?"

पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळतात. नाहीतर लाकूड कातडी सोलून काढतं आणि पोटावरून, मांड्यांवरून खांब फिरत नाही. तासाभराच्या सरावात ते तेल खेळाडूच्या अंगभर होतं, पण 'मी तेल लावलंय' असं कुठलाच खेळाडू म्हणत नाही. तेल हे खांबाचं असतं.

"तेल खांबाला लावतो आपण, वृंदाताई," सर म्हणाले. "अंगाला नाही."

वृंदाला ते पटलं. खरं सांगायचं तर ते बोलताना सरांच्या मनात काहीतरी टोचलं होतं. डॉक्टरांना एक फोन लावला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण निकाल 'नाही' असा लागला असता तर? आठ दिवसांवर स्पर्धा, सात वर्षांची पोरीची मेहनत आणि तीस वर्षांत या व्यायामशाळेला एकदाही न मिळालेला चषक. सरांनी फोन केला नाही. पुढचे काही दिवस स्वतःला समजावताना ते म्हणायचे की आपल्या लक्षात आलं नाही. आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवालाच पत्रा तापला होता. दहाला उष्माबंदीचा भोंगा झाला. अलीकडे उन्हाळ्यात दहानंतर मैदानं आणि आखाडे बंद ठेवायचा कायदाच होता. बाकीची पोरं घरी गेली. राहीला सरांनी थांबवून घेतलं. गंमत अशी की ज्या पोरीला आजवर सगळ्यांत आधी घरी पाठवायचे, तीच आता सगळ्यांत उशिरापर्यंत टिकत होती. सदरा होता ना तिच्या अंगात.

दसरंगाची कसरत छान झाली. सुईदोरा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. राहीच्या पाठीवरून, दंडावरून पाण्याचे थेंब ओघळून खालच्या गादीवर टपटप पडत होते आणि ते बघून सरांना कोण आनंद झाला. सात वर्षांनी पोरीने त्यांच्या जुन्या नियमाप्रमाणे घाम गाळला होता. "आता शोभतेस माझी," ते म्हणाले. राही हसली आणि पिशवी भरून पुन्हा चढली.

चौथ्या फेरीनंतर ती खाली उतरली आणि तिने कान चाचपले.

"सर, डोकं जड झालंय."

सरांनी तिचं मनगट धरून पट्टी बघितली. हिरवी होती. सदतीस पूर्णांक सहा.

"यंत्र म्हणतंय ठीक आहे. एकदा सलग करू आणि सोडतो."

राहीने पुन्हा कानाकडे हात नेला. सर म्हणाले, "हात खांबावर."

ती चढली. बोंडावर, खांबाच्या टोकावरच्या गोळ्यावर, उभी राहून तोल सांभाळायचा, हा तिच्या हातचा मळ होता. तिथे पोहोचल्यावर तिने हात पसरले आणि एकदम म्हणाली, की आई, गाडी लागली का? सरांना वाटलं, चेष्टा करतेय. मग तिचे डोळे दिसले. ती घसरली तेव्हा सर खाली होते म्हणून डोकं वाचलं. त्यांच्या हातात आलेलं ते अंग भाजत होतं.

पुढचं सगळं सरांनी बरोबर केलं आणि तेच नंतर त्यांना सर्वांत जड गेलं. आधी थंड करायचं, मग हलवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी राहीला उचललं, मागच्या हौदात स्वतः उतरून तिला मानेपर्यंत बुडवलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं आणि दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन केला. ओंजळीने तिच्या मानेवर पाणी घालताना त्यांना दिसलं की पाणी तिच्या कातडीवर थांबतच नाहीये. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं गोळ्या होऊन खाली जातंय. हौदात तेलाचा तवंग पसरत होता.

सरांना तिथेच, छातीभर पाण्यात उभं असताना सगळं कळलं. तेलकट कातडीवर पाणी पसरत नाही. पसरलं नाही तर वाळत नाही. सकाळभर गादीवर पडलेला एकेक थेंब पोरीची उष्णता न घेताच गेला होता. जे बघून ते खूश झाले, तोच तिच्या जिवावरचा धोका होता. यंत्रही तिथेच फसलं होतं. सोडलेलं पाणी वाळलं असं त्याने गृहीत धरलं आणि अंगावरून वाहणाऱ्या गार पाण्याने त्याचे संवेदकही गार राहिले. पण यंत्राला तेलाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

रुग्णवाहिका यायला अठरा मिनिटं लागली. तोवर सरांनी तिला हौदातच धरून ठेवलं आणि हाताला लागेल ते तेल पंच्याने पुसून काढलं. थंडावा पोहोचावा म्हणून पुसलं, हे खरं आहे. पण गादीही त्यांनी त्याच संध्याकाळी धुऊन टाकली.

रुग्णालयात पोहोचली तेव्हा राहीचा ताप चाळीस पूर्णांक आठ होता. हौदात घातलं नसतं तर बेचाळीसच्या पुढे गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दोन दिवस ती बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पाणी मागितलं. ग्लास हातात दिला तर हात थरथरून पाणी गादीवर सांडलं. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू उष्णतेला फार हळवा असतो आणि तोल सांभाळायचं काम त्याच्याकडे असतं. सुधारणा होईल, डॉक्टर म्हणाले, पण किती ते सांगता येणार नाही. मल्लखांबाबद्दल कुणी विचारलंच नाही.

वृंदाने बाहेरच्या बाकावर बसलेल्या सरांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली," ती म्हणाली. ती दोन दिवस झोपली नव्हती. तिने आणलेला डबा त्यांनी खाल्ला. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी डॉ. मुजावर आल्या. त्या खचल्या होत्या. सदऱ्याची सगळी नोंद त्यांनी तपासली होती: पाणी वेळेवर सुटलं, नळ्या तुंबल्या नव्हत्या, हिशेब बरोबर होता, आणि तरीही पोरीच्या तापाचा अंदाज तीन अंशांनी चुकला. मूळ सूत्रच चुकीचं असणार, असं त्या म्हणाल्या. उरलेल्या त्रेचाळीस मुलांना सदरे काढून ठेवायला सांगितलं होतं. सोमवारी समिती बसणार होती आणि चाचणी कायमची बंद करा अशी शिफारस मुजावर स्वतःच करणार होत्या. बोलता बोलता त्यांनी नंदुरबारकडच्या एका मुलीचं सांगितलं. सदरा मिळाल्यापासून ती पहिल्यांदा पायी शाळेत जायला लागली होती. आता परत घरात.

"सरावाच्या वेळी काही वेगळं होतं का, सर?" त्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "रोजच्यासारखंच."

आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. तेल रोजच असायचं. आधीच्या सरावातही ते असणार, फक्त तेव्हा वेळ कमी होता, हवा थंड होती आणि राहीला कान चाचपून थांबायची मुभा होती.

दोन दिवस सर घरात येरझाऱ्या घालत राहिले. गप्प राहिलं तर काय होणार होतं? एक यंत्र बदनाम होईल, आणि यंत्राला लाज नसते. व्यायामशाळा राहील, पेठेतला मान राहील, वृंदाच्या नजरेतला तो देवमाणूस राहील. तोंड उघडलं तर यातलं काही राहणार नाही. हा सौदा त्यांनी मनात शंभरदा मांडून बघितला आणि दर वेळी कुठलीतरी कधी न पाहिलेली मुलगी दप्तर खाली ठेवून खिडकीशी बसलेली त्यांना दिसायची. त्यांना स्वतःची किळस आली. राहीसाठी जे केलं नाही ते अनोळखी पोरीसाठी करायला निघालोय, हेही त्यांना कळत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी मुजावरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वृंदाचा प्रश्न, आपलं उत्तर, भोंग्यानंतरचा सराव, धुतलेली गादी. मग मुजावरांनी तेल कुठलं, किती, खांबाला कधी चोळलं असे बारीक बारीक प्रश्न विचारले. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, की सूत्रात ओघळणारं पाणी वेगळं मोजायची सोय त्यांनी करायलाच हवी होती, ती चूक त्यांची. बाकीच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. समितीने सदरे बंद केले नाहीत. त्यात दोन नवे संवेदक बसवायचं ठरलं आणि महिन्याभरात ते मुलांना परत मिळणार होते. सरांच्या व्यायामशाळेला टाळं लागलं आणि चौकशी सुरू झाली, ते योग्यच झालं.

वृंदाला त्यांनी रुग्णालयाच्या जिन्यात गाठून सांगितलं. ती ओरडेल, चारचौघांत तोंडात मारेल, अशी त्यांची तयारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

मग जाताना एवढंच म्हणाली, की राहीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.

राही खिडकीपाशी उशीला टेकून बसली होती. सर स्टुलावर बसले. त्यांनी मनाशी वाक्यं जुळवून आणली होती. बोलायला लागल्यावर ती सगळी विस्कटली. तेलाने असं झालं, मला संशय होता, तरी मी तुला चढवलं, तू थांबत होतीस आणि मी थांबू दिलं नाही. एवढं कसंबसं बोलून ते तिच्याकडे बघत राहिले.

"तेलाचं मला माहीत होतं, सर," राही म्हणाली. तिची जीभ अजून जरा अडखळत होती. "सदऱ्याबरोबरच्या पत्रकात लिहिलं होतं. तेल असा शब्दच होता."

क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या छातीवरचं ओझं हललं. पोरीलाही माहीत होतं. म्हणजे चूक दोघांची. मग त्यांना त्या क्षणाची इतकी शरम वाटली की मान वर होईना.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आईला सांगितलंत ना, चालतंय म्हणून. मला वाटलं, डॉक्टरांना आपला खेळ माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. कान तापले होते, तेव्हापण तसंच वाटलं. म्हटलं, सर सांगतात म्हणजे माझेच कान चुकत असतील."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सर रडले. पन्नाशी उलटलेला माणूस पंधरा वर्षांच्या पोरीसमोर हुंदके देऊन रडला आणि ती त्यांना गप्प करायला पुढे झाली नाही.

थोड्या वेळाने तिने शेजारच्या टेबलावरच्या ग्लासाकडे हात नेला. बोटं थरथरत होती. ग्लास उचलला तसं पाणी कडेवरून सांडलं, पांघरुणावर, तिच्या मनगटावर. सर चटकन उठले आणि त्यांनी ग्लास धरायला हात पुढे केला.

"थांबा, सर," राही म्हणाली. "मी सांगेन तेव्हा."

सरांनी हात मागे घेतला. ते स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. ग्लास ओठांपर्यंत पोहोचायला खूप वेळ लागला. अर्धं पाणी सांडलं. राही थांबली, श्वास घेतला, पुन्हा ग्लास उचलला, आणि सर तिच्या सांगण्याची वाट बघत बसून राहिले.